लग्नाची कॅसेट आणि रेंडरचं बटण : प्रस्तावना

"जरा क्लिअर करून मिळेल का?"

जुन्या कॅसेटींचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हाच असतो. कॅसेट लग्नाची असते, मुंजीची असते, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची असते. ती आता पंचावन्न इंची टीव्हीवर बघायची असते आणि तिथे ती गढूळ दिसते. त्यातच 'पथेर पांचाली'ची गोष्ट कुणीतरी ऐकलेली असते. त्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळली होती, तरी २०१५मध्ये तो फोर-के होऊन लख्ख पडद्यावर आला. मग आमचं १९९१चं लग्न का नाही येणार? प्रश्न रास्त आहे. हे पुस्तक म्हणजे त्याच प्रश्नाचं सविस्तर उत्तर, आणि ते ऐकून थोडा हिरमोड होणार आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

फिल्म आणि कॅसेट यांची जातच वेगळी. ३५ मिमी फिल्मच्या प्रत्येक चौकटीत एक अख्खं छायाचित्र असतं. स्कॅनर जितका चांगला, तितका त्यातला तपशील जास्त हाती लागतो. कॅसेटच्या पट्टीवर छायाचित्र नसतंच. तिथे असतो चुंबकीय रूपात लिहिलेला विजेचा संदेश. जेव्हीसी कंपनीने १९७६मध्ये व्हीएचएस बाजारात आणली ती दोन तासांचा कार्यक्रम घरच्या घरी एका कॅसेटमध्ये मावावा म्हणून, आणि तो मावण्यासाठी तपशिलाला जाणूनबुजून कात्री लावली होती. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राच्या ५७६ आडव्या ओळी दिसतात हे खरं, पण प्रत्येक ओळीच्या लांबीत व्हीएचएसला साधारण २४० रेघांइतकाच बारकावा पेलतो. रंगाचं तर विचारूच नका. त्याचा बारकावा याच्याही जेमतेम सहाव्या हिश्शाएवढा.

अंतरपाट दूर झाला त्या क्षणावर चित्र थांबवा, म्हणजे हे आकडे डोळ्यांना दिसतील. नवरीच्या शालूचा लाल रंग शालूच्या काठापाशी थांबत नाही, तो शेजारच्या उपरण्यावर ओघळतो. मुंडावळ्यांचे मोती सुटे दिसत नाहीत. कपाळावरून नुसत्या दोन पांढुरक्या रेघा उतरतात. त्या मोत्यांचा आकार कॅमेऱ्याच्या भिंगापर्यंत आला होता, पट्टीवर तो कधी उतरलाच नाही. आज कुठल्याही सॉफ्टवेअरचं कुठलंही बटण दाबलं तरी तो तिथून निघणार नाही.

एडिटिंग आणि रेंडरिंगने चित्रात भर पडत नाही, गळती मात्र हमखास होते. पट्टीपासून टीव्हीपर्यंत चित्र अनेक हातांतून जातं आणि प्रत्येक हातात थोडं थोडं गळतं. ही गळती रोखली तर कॅसेट इतकी बरी दिसते की घरच्यांना वाटतं, काहीतरी जादू केली. पुस्तकातली बहुतेक प्रकरणं या गळतीबद्दलच आहेत.

पहिली गळती संगणकाला हात लागायच्या आधीच झालेली असते. १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आले, रात्रभर भाड्याने आणून तीन-तीन सिनेमे बघणं सुरू झालं आणि पुढे लग्नांत फोटोवाल्याच्या जोडीला शूटिंगवालाही दिसू लागला. त्याच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यातली कॅसेट ही मूळ प्रत. ती मिक्सिंगला जायची. तिथे नावं पडायची, बदामाच्या आकारातून शॉट उघडायचे, सप्तपदीवर सिनेमातलं गाणं चढायचं. मिक्सिंग होऊन निघालेली कॅसेट ही दुसरी पिढी. तिच्यावरून मुलाकडच्यांना एक, मुलीकडच्यांना एक आणि दुबईच्या काकांना एक अशा प्रती निघायच्या, ही तिसरी. त्यांतल्या एखादीवरून कुणी आणखी प्रत काढली की चौथी. दर पिढीला मुंग्या वाढतात, कडा विरतात आणि रंग आपल्या जागेवरून किंचित खाली सरकतो. ओठांची लाली हनुवटीकडे निघालेली दिसली की समजावं, कॅसेट बऱ्याच पिढ्या उतरून आली आहे.

म्हणून चित्र सुधारण्याचं पहिलं काम फोनवर होतं. दोन्ही घरी विचारा, शूटिंगवाल्याचं दुकान अजून असेल तर तिथेही विचारा आणि सर्वांत आधीची प्रत शोधून काढा. मूळ कॅसेट बहुधा मिळत नाही, कारण तिच्यावर पुढच्या मुहूर्ताचं लग्न चढलेलं असतं. एकाच पिढीच्या दोन प्रती निघाल्या तर कमी वेळा पाहिलेली घ्यावी. माझ्या अनुभवात ती मुलाकडची असते.

मग येतो व्हीसीआर. शक्य असेल तर एस-व्हीएचएस जातीचा मिळवावा. व्हीएचएसच्या पट्टीवर उजेड आणि रंग वेगवेगळे लिहिलेले असतात. पिवळ्या पिनची साधी वायर त्यांना एकत्र कालवते आणि पुढे ते पुन्हा नीट सुटे होत नाहीत. एस-व्हीएचएसच्या व्हीसीआरला जोडता येणारी एस-व्हिडिओची वायर त्यांना शेवटपर्यंत वेगळं ठेवते. शालूच्या जरीकाठाने सरकत राहणारे बारीक ठिपके या एका वायरीने जातात. दाराच्या चौकटीची उभी कड लहरत असेल तर टाइम बेस करेक्टर लागतो, आणि ते काम नंतर सॉफ्टवेअरवर ढकलता येत नाही. चित्राच्या तळाशी दिसणारा आठ-दहा ओळींचा फाटका पट्टा मात्र कुणाचा दोष नाही. तो प्रत्येक व्हीएचएस कॅसेटमध्ये असतो. जुन्या टीव्हीची चौकट तो झाकून टाकायची, इतकंच.

मिनी डीव्हीची गोष्ट निराळी. १९९५मध्ये आलेल्या या छोट्या कॅसेटवर चित्र आकड्यांतच लिहिलेलं असतं. फायरवायरच्या वायरीने ते आकडे जसेच्या तसे उतरतात, तासाला साधारण १३ गिगाबाइट. तीच कॅसेट पिवळ्या पिनच्या वायरीने कॅप्चर कार्डात घातली तर डिजिटल चित्र आधी ॲनालॉग होतं आणि मग पुन्हा डिजिटल. लॅपटॉपवरून फायरवायरची खाच गेल्यापासून पुष्कळ ठिकाणी हाच शॉर्टकट चालतो. काम बाहेर देणार असाल तर वायर कुठली वापरणार, हे आधी विचारून घ्या.

आता इंटरलेसिंग. पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण हेच आहे, आणि ते कापू नये असा हट्ट मीच धरला. जुना व्हिडिओ सेकंदाला २५ चौकटींचा, असं सगळीकडे छापलेलं असतं. प्रत्यक्षात तो कॅमेरा सेकंदाला ५० वेळा बघत होता. एकदा विषम ओळी टिपायच्या, सेकंदाच्या पुढच्या पन्नासाव्या भागात सम ओळी. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर ही अर्धी चित्रं एकामागून एक उमटायची आणि डोळ्यांना सलग हालचाल दिसायची. संगणक मात्र दोन फील्ड एकमेकांत विणून एक चौकट करतो. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो शॉट संगणकावर थांबवून पाहा. स्वस्थ उभी असलेली माणसं ठीक दिसतात, पण अक्षता टाकणारा प्रत्येक हात कंगव्याच्या दातांसारखा फाटलेला असतो, कारण त्या हाताची दोन वेगळ्या क्षणांची चित्रं एका चौकटीत कोंबलेली आहेत.

हे दात काढायचे सोपे मार्ग दोन, आणि दोन्ही वाईट. पहिल्यात एक फील्ड सरळ फेकून दिलं जातं. ५७६ ओळींपैकी २८८ उरतात. दुसऱ्यात दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळले जातात. हाताला दोन सावल्या येतात. स्वस्तातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'डीइंटरलेस'च्या चौकटीवर टिक केली की यांपैकीच एक घडतं. खरा मार्ग म्हणजे प्रत्येक फील्डवरून एक पूर्ण चौकट उभी करायची आणि सेकंदाला ५० चौकटींची फाइल ठेवायची. एफएफएमपेगमधला 'बीडब्ल्यूडीआयएफ' फिल्टर हे काम पटकन करतो, एव्हीसिंथमधली 'क्यूटीजीएमसी' ही पद्धत फार सावकाश करते पण सरस करते. एका तासाच्या कॅसेटला संगणक रात्रभर चालला तर चालू द्यावा. गंमत अशी की यात तपशील कणभरही वाढत नाही, तरी "आता क्लिअर झालं" असं लोक इथेच म्हणतात. डोळ्याला सलग हालचाल मिळाली की तो बारकाव्याची उणीव बरीचशी माफ करतो.

इथे दोन पथ्यं आहेत. फील्डचा क्रम बरोबर हवा. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं, इतर बऱ्याच ठिकाणी वरचं. क्रम उलटा पडला की पंगतीत वाढणारा माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरत चालतो. दुसरं म्हणजे चित्राचा आकार बदलायचा तो डीइंटरलेस झाल्यावरच. आधी बदललात तर दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकांत मिसळतात आणि ती खिचडी नंतर कुणालाच निस्तरता येत नाही. यूट्यूबवर टाकणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. तिथे सेकंदाला ५० चौकटी ७२०पी आणि त्यावरच्या आकारांतच टिकतात. एरवी मी चित्र विनाकारण मोठं करण्याच्या विरुद्ध आहे. इथे मात्र ते मोठं करूनच चढवावं.

अमेरिकेतल्या मामाने आणलेल्या कॅमेऱ्याबद्दल स्वतंत्र टिपण द्यावं लागलं, कारण असा मामा मराठी घरांत सर्रास आढळतो. तो कॅमेरा एनटीएससी पद्धतीचा, म्हणजे ४८० ओळींचा आणि सेकंदाला जवळपास ६० फील्डचा. त्याने पुण्यात हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली केलेलं शूटिंग सतत लुकलुकतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. पाल कॅमेऱ्याच्या प्रत्येक फील्डला त्यातल्या बरोबर दोन लहरी मिळतात आणि उजेड सारखा राहतो. एनटीएससीच्या फील्डला कधी जास्त मिळतो, कधी कमी. हा दोष नंतर थोडाफार दाबता येतो, पुरता जात नाही. अशा कॅसेटचं पालमध्ये रूपांतर करून घेऊ नका. ती आहे तशी ४८० ओळींत उतरवा. संगणकाला दोन्ही पद्धती सारख्याच. आणि आज मोबाइलवर घरात शूटिंग करताना तीच लुकलुक दिसली तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा.

रंग आणि उजेडाचं प्रकरण छोटं आहे. हॅलोजनच्या झोतात नवरदेवाची टोपी नुसता पांढरा ठिपका झाली असेल, तर तिच्या घड्या अजून पट्टीवर शिल्लक असण्याची शक्यता असते. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. पट्टीवरचा पांढरा पुष्कळदा याच्या वर गेलेला असतो. कॅप्चर करतानाच उजेड थोडा खाली घेतला तर घड्या वाचतात. तिथे एकदा छाटल्या गेल्या की एडिटिंगमध्ये फक्त राखाडी ठिपका मिळतो. आणि कृपा करून ४:३चं चित्र ताणून रुंद पडद्यावर भरू नका. त्याने अख्खं वऱ्हाड एक-तृतीयांशाने जाडजूड होतं. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांनी कुणाचं काही बिघडत नाही.

यानंतर प्रत्यक्ष रेंडर. इथे व्हीसीडीची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. पंचवीसएक वर्षांपूर्वी गल्लोगल्ली 'कॅसेटची सीडी करून मिळेल' अशा पाट्या लागल्या होत्या. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८चं, म्हणजे पूर्ण चित्राच्या साधारण पाव, त्यात एक फील्ड फेकून दिलेलं, आणि सेकंदाला उणीपुरी ११५० किलोबिट माहिती. डीव्हीच्या २५ मेगाबिटशी ताडून पाहा. अक्षता पडायला लागल्या की सगळ्या चित्राचे चौकोन व्हायचे. लोकांनी सीडी हातात येताच मूळ कॅसेटी भंगारात दिल्या, आणि तो तोटा आता कशानेही भरून येत नाही. डीव्हीडी बरीच चांगली होती, पण तिथेही चार तासांचं लग्न ४.७ गिगाबाइटच्या एका तबकडीत बसवायचा हट्ट असायचा. आवाज धरून सेकंदाला अडीच मेगाबिटच्या आसपास पडतात. जी तबकडी चित्रालाच ९.८ मेगाबिट देऊ शकत होती, तिच्यावर हे.

फाइलचा आकार म्हणजे बिटरेट गुणिले वेळ. एवढा एक हिशेब डोक्यात पक्का असेल तर 'हाय क्वालिटी', 'अल्ट्रा' वगैरे बटणांची भूल पडत नाही. आज तबकडीची अट राहिलेली नाही, तेव्हा आकार आधी ठरवून दर्जा त्यात कोंबण्याचं कारणही नाही. एच.२६४चा एक्स२६४ हा एन्कोडर वापरत असाल तर त्यात सीआरएफ नावाचा आकडा असतो, ० ते ५१ मधला. जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. काही न सांगता तो २३ घेतो. घरच्या कॅसेटीसाठी मी १८ सांगेन. पण ही झाली बघायची प्रत. त्याआधी एक जपायची प्रत हवी, एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्हीसारख्या काहीच न गाळणाऱ्या कोडेकमध्ये. कापाकापी, नावं, रंग हे सगळं तिच्यावरून करायचं आणि रेंडर एकदाच करायचं. एमपी४ची एमपी४, तिची पुन्हा एमपी४ ही कॅसेटींच्या पिढ्यांचीच नवी आवृत्ती आहे. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवलीत की ती आणखी एक पिढी खाली उतरली.

कॅसेटमधल्या मुंग्या इथे फार महाग पडतात. एन्कोडरला त्या हालचालच वाटतात आणि तो अर्धीअधिक माहिती त्यांच्यावर उधळतो. चेहऱ्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणून रेंडरआधी मुंग्या हलक्या हाताने कमी कराव्यात. हलक्या हातानेच. जोर लावला की आजीच्या गालावरच्या सुरकुत्या मुंग्यांबरोबर निघून जातात आणि चेहरा मेणाचा होतो. शार्पनेस वाढवायचा असेल तर सर्वांत शेवटी आणि थोडासा. व्हीसीआरवरचं शार्पनेसचं बटण तर आधीच खाली आणून ठेवावं.

एआयबद्दल विचारल्यावाचून आज कुणी राहत नाही. ही साधनं चित्र मोठं करताना गाळलेल्या जागा अंदाजाने भरतात. भिंत, मांडव, साडीचा काठ इथपर्यंत ठीक. पण मागच्या रांगेत बसलेल्या आत्याचा चेहरा कॅसेटवर जेमतेम वीस ठिपके रुंद असतो. त्यावरून यंत्र जो रेखीव चेहरा काढतं तो इतर हजारो चेहरे पाहून काढलेला असतो, आणि आत्या हयात नसेल तर खरी कशी दिसत होती हे सांगायला कुणी उरत नाही. मौजेसाठी एखादा तुकडा करून पाहायला माझी ना नाही. त्याच्या फाइलवर तसं स्पष्ट लिहावं आणि जपायच्या प्रतीला त्याचा वाराही लागू देऊ नये.

पुस्तकात दाखवलेली कामं करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. व्हर्च्युअलडब, एव्हीसिंथ, एफएफएमपेग, हँडब्रेक आणि एडिटिंगसाठी शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, सगळी फुकट मिळतात. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही घरच्या कामाला पुरून उरते. खरा खर्च आहे तो हार्ड डिस्कचा आणि त्याहून जास्त चालू स्थितीतल्या व्हीसीआरचा.

आणि व्हीसीआरला आता मुदत आहे. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिने जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म व ध्वनी संग्रहालयाने २०१५मध्येच बजावलं होतं की चुंबकीय पट्ट्यांवरचा ठेवा उतरवून घ्यायला २०२५पर्यंतचाच अवधी आहे. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, पावसाळ्याची दमट हवा पट्ट्या बिघडवण्याचं काम आणखी लवकर उरकते. कॅसेटच्या खिडकीतून पट्टीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. पट्टी तुटू शकते, आणि बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटींतही जाते.

तेव्हा हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नका. कॅसेटी तपासण्याचं प्रकरण दुसरं आहे. ते आधी वाचा, कपाट उघडून प्रत्येक कॅसेट उजेडात धरून पाहा आणि चालू व्हीसीआर कुणाकडे आहे याची चौकशी याच आठवड्यात सुरू करा. डीइंटरलेसिंग पुढच्या महिन्यात शिकलं तरी चालेल.